स्प्रिंट दोन आठवड्यांचा, पीसीबी येतो तीन आठवड्यांनी

वाचकाचं पत्र

आम्ही भोसरीत शेतीपंपाचे मोबाईल स्टार्टर बनवतो. शेतकरी फोनवरून मोटर चालू-बंद करतो. विहिरीतलं पाणी संपून मोटर कोरडी चालू लागली किंवा एखादा फेज गेला, तर आमचं यंत्र ती बंद करतं. टीम ११ जणांची आहे: फर्मवेअरला (यंत्राच्या आतल्या प्रोग्रामला) ३, हार्डवेअरला २, मोबाईल ॲपला २, बॉक्सचं मेकॅनिकल काम बघणारा १, टेस्टिंगला २ आणि मी. आठ महिन्यांपासून आम्ही दोन आठवड्यांचे स्प्रिंट करतोय, म्हणजे दर दोन आठवड्यांचं काम आधी ठरवून तेवढ्यात संपवायचं. दर वेळी ठरवलेल्यातलं साधारण ४० टक्के काम पुढच्या स्प्रिंटमध्ये जातं. कामांच्या बोर्डावर आज ३४ कामं 'चालू' दिसतात, पूर्ण होतात स्प्रिंटला ९ च्या आसपास. सकाळचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची बैठक, ४५ मिनिटं चालतो. ऑक्टोबर लागला की शेतावरच्या तक्रारी सुरू होतात आणि दोन माणसं त्यातच अडकतात. हार्डवेअरवाले म्हणतात, पीसीबी (सर्किट बोर्ड) असेंबल होऊन यायला तीन आठवडे लागतात, ॲजाइल (छोट्या टप्प्यांत काम करायची ही पद्धत) सॉफ्टवेअरवाल्यांचं आहे, आम्हाला त्यात ओढू नका. डायरेक्टर विचारतात, ॲपच्या दोघांचे ४० पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजी गुण) आणि हार्डवेअरच्या दोघांचे १२ कसे? स्प्रिंट चार आठवड्यांचा करावा, की हे सगळं सोडून पूर्वीसारखा तारखांचा चार्ट लावावा?
– टीम लीड, पुणे

उत्तर

नमस्कार,

स्प्रिंट चार आठवड्यांचा करू नका. पीसीबीला तीन आठवडे लागायचे ते लागणारच. फरक एवढाच पडेल, की काम मागे पडलंय हे दोन आठवड्यांनी कळायचं ते चार आठवड्यांनी कळेल. चार्टबद्दल शेवटी लिहितो, कारण त्याचा एक खरा उपयोग तुमच्याकडे आहे.

आधी त्या ४० टक्क्यांचा हिशेब. ११ माणसं, १० दिवस, म्हणजे ११० माणूस-दिवस. रजा-सुट्ट्यांचे ८ वजा करा, उरले १०२. तुम्ही बहुधा एवढ्याच दिवसांचं काम भरता. आता रोजचा ४५ मिनिटांचा स्टँडअप दहा दिवसांत प्रत्येकाचे साडेसात तास घेतो. त्यात प्लॅनिंगचे तीन, बॅकलॉग (पुढच्या कामांची यादी) नीट करण्याचे दोन, डेमोचा दीड आणि रेट्रोचा (संपलेल्या स्प्रिंटमध्ये काय चुकलं ते बघण्याचा) एक तास धरला, तर माणशी १५ तास झाले. ११ जणांचे मिळून २० दिवस. तक्रारींत दोन माणसं अडकतात, त्यांचे आणखी २०. म्हणजे हातात राहतात ६२. भरलेलं काम १०२ दिवसांचं आणि वेळ ६२ दिवसांचा. ४० टक्के पुढे जाणारच. यात तुमच्या टीमचा आळस कुठेच नाही, आणि हे कागद पुढे ठेवून त्यांना सांगा. आठ महिने दर दुसऱ्या शुक्रवारी अपुऱ्या कामाची यादी बघून माणसं मनातून खचतात, आणि मग अंदाज देताना खरं बोलणं बंद करतात.

पुढच्या प्लॅनिंगला ६२ पैकी ५० दिवसांचंच काम घ्या. उरलेले १२ दिवस न दिसलेल्या गोष्टींसाठी: व्हेंडरचा फोन, टेस्टिंगमधून परत आलेलं काम, कुणाचं आजारपण. पहिल्या वेळी हे फारच थोडं वाटेल. वाटू द्या. काम लवकर आटोपलं तर बॅकलॉगमधलं वरचं एक उचलता येतं.

दुसरा आकडा ३४ चा आहे, आणि मला तो ४० टक्क्यांपेक्षा जास्त गंभीर वाटतो. रांगांच्या गणितात लिटलचा नियम म्हणून एक साधं सूत्र आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली ते सिद्ध केलं. चालू असलेल्या कामांची सरासरी संख्या भागिले ठरावीक काळात पूर्ण होणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. तुमच्याकडे ३४ भागिले ९, म्हणजे पावणेचार स्प्रिंट, साडेसात आठवडे. आज हातात घेतलेलं दोन दिवसांचं कामही सरासरीने दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडतं, कारण ते बहुतेक वेळ कुणाची तरी वाट बघत पडून असतं. चालू कामं १६ वर आणली, तर त्याच ९ च्या वेगाने हा काळ साडेतीन आठवड्यांवर येतो. कुणीही जास्त तास बसायची गरज नाही.

ही १६ ची मर्यादा बोर्डावर अशी वाटा: 'चालू' रकान्यात ८, 'टेस्टिंग'मध्ये ४, 'बाहेर' म्हणजे व्हेंडरकडे किंवा लॅबकडे गेलेल्यात ४. रकान्याच्या डोक्यावर आकडा लिहून ठेवा. ३४ वरून १६ वर एका दिवसात येता येणार नाही; जुनी कामं संपेपर्यंत नवीन काढायचं नाही, एवढा नियम पुरेसा आहे. 'चालू' काम ८ आणि माणसं ११, मग उरलेल्यांनी काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येईल. दोन टेस्टर, तीन फर्मवेअरवाले. तुमची रांग टेस्टिंगच्या दारात लागत असणार, आणि तीही स्प्रिंटच्या शेवटच्या बुधवार-गुरुवारी, सगळं एकदम. टेस्टिंगमध्ये ४ कामं भरली की फर्मवेअरवाल्याने नवं काम उघडायचं नाही. त्याने टेस्टरच्या शेजारी बसून त्यातलं एखादं पुढे सरकवायचं, नाहीतर टेस्ट आपोआप चालेल अशी सोय करायची.

अशा सोयीचं एक उदाहरण तुमच्या मालासाठी अगदी बेतलेलं आहे. शेतावर वीज दिवसातून कितीदा जाते-येते हे तुम्हाला सांगायला नको. बेंचवर एक टायमर-रिले लावा आणि दर मिनिटाला एकदा यंत्राचा सप्लाय तोडून परत जोडा. ८ तास २० मिनिटांत ५०० वेळा. संध्याकाळी लावून घरी जायचं, सकाळी लॉग बघायचा: किती वेळा नेटवर्कवर आलं, किती वेळा अडकलं, सेटिंग पुसली गेली का. ही टेस्ट 'झालं'च्या व्याख्येत लिहून टाका. फर्मवेअरचं काम 'झालं' म्हणजे कोड दुसऱ्याने वाचला, कोडच्या मुख्य शाखेत (सगळ्यांच्या सामायिक प्रतीत) गेला, खऱ्या बोर्डावर चढवला आणि रात्रभरचे ५०० धक्के खाऊन टिकला. तुमच्याकडे आज 'झालं' म्हणजे बहुतेक 'माझ्या टेबलावर चाललं'. पुढच्या स्प्रिंटमध्ये परत येणारी कामं तिथूनच येतात.

आता हार्डवेअरच्या दोघांकडे वळू. तीन आठवड्यांची त्यांची अडचण खरी आहे. पण ॲजाइल सॉफ्टवेअरवाल्यांचं, हे मात्र बरोबर नाही. तुम्ही वापरता त्या स्प्रिंटच्या पद्धतीचं नाव 'स्क्रम'. हा रग्बीतला शब्द उत्पादनविकासात आणला तो हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी, १९८६ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधल्या लेखात. त्यांनी अभ्यासलेल्या टीम झेरॉक्स मशीन, कॅमेरा आणि होंडाची छोटी मोटारगाडी बनवणाऱ्या होत्या. सॉफ्टवेअरवाल्यांचा ॲजाइल जाहीरनामा आला २००१ साली, पंधरा वर्षांनी. त्या दोघांना हे जरूर सांगा. आपल्याला परक्याच्या घरात बसवलंय ही त्यांची भावना त्याने थोडी निवळेल.

खरी चूक त्यांच्या कामाच्या नावात आहे. 'रिव्हिजन सी बोर्ड तयार करणे', म्हणजे सर्किट बोर्डाची पुढची आवृत्ती, हे काम स्प्रिंटमध्ये मावतच नाही, म्हणून ते तीन स्प्रिंट तसंच पडून राहतं आणि पॉइंट शून्य दिसतात. हार्डवेअरच्या स्प्रिंटमध्ये बोर्ड मावला नाही तरी प्रश्न मावतो. बोर्ड मागवण्याआधी आपल्याला कोणती गोष्ट पक्की माहीत नाही, ती या दोन आठवड्यांत पक्की करायची.

तुमच्याच क्षेत्रातला एक नेहमीचा दोष घ्या. टेबलावर यंत्र उत्तम चालतं, शेतावर गेलं की मधूनच बंद पडून परत सुरू होतं. तक्रारीत लिहिलेलं असतं 'सॉफ्टवेअर हँग', आणि फर्मवेअरवाला आठवडाभर कोड शोधत बसतो. २जी नेटवर्कवर यंत्रातलं मोबाईल मॉड्यूल (सिम बसतं तो भाग) सतत बोलत नाही, तुकड्यातुकड्यांनी बोलतं: दर ४.६ मिलिसेकंदांनी सुमारे ०.६ मिलिसेकंद. त्या क्षणी ते २ अँपिअरपर्यंत करंट ओढू शकतं. टॉवर जवळ असला की नेटवर्क त्याला कमी ताकदीत बोलायला सांगतं, म्हणून भोसरीत काही होत नाही. विहिरीवर रेंज कमी, तिथे ते पूर्ण ताकदीने बोलतं. त्यात शेतीच्या लाइनचं व्होल्टेज आधीच पडलेलं असेल, पॉवर सप्लाय दमलेला असेल, तर मॉड्यूलच्या पायाशी व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि सगळं रिसेट होतं.

हे पक्कं करायला नवा बोर्ड लागत नाही. जुना बोर्ड घ्या, व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज खाली आणा, अँटेना पत्र्याच्या डब्यात ठेवून रेंज पाडा आणि कॉल चालू असताना मॉड्यूलच्या सप्लाय पिनवर ऑसिलोस्कोप लावा. डेटाशीटमधल्या किमान व्होल्टेजच्या खाली ते किती जातं, हे टिपा. मग मॉड्यूलच्या अगदी जवळ कमी ईएसआरचा, म्हणजे आतला रोध कमी असलेला, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून बघा, नंतर १००० चा. चार दिवसांचं काम आहे. शेवटी हातात आलेखांचं एक पान असतं आणि नव्या बोर्डावर काय बदलायचं याचं ठाम उत्तर असतं. डेमोमध्ये हार्डवेअरवाल्याने हे पान दाखवायचं. तो पूर्ण झालेला माल आहे, त्याला पूर्ण झालेल्या कामाइतकाच मान मिळाला पाहिजे. हेच न करता बोर्ड पाठवला असता, तर चूक कळायला तीन आठवडे आणि सुधारायला आणखी तीन.

रिव्हिजनचं काम असं तोडा: बेंचवरचे प्रश्न, स्किमॅटिक (सर्किटचा आराखडा) आणि दुसऱ्या माणसाकडून त्याची तपासणी, लेआउट (बोर्डावरची मांडणी) आणि त्याची तपासणी, पार्टची यादी, त्यात प्रत्येक महत्त्वाच्या पार्टला एक पर्याय आणि आज बाजारात स्टॉक आहे की नाही याची नोंद, मग गर्बर फाइल (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायचे नकाशे) बाहेर. प्रत्येक तुकडा दोन ते चार दिवसांचा होतो. स्किमॅटिक तपासायला फर्मवेअरचा एक जण बसवाच. मायक्रोकंट्रोलरची चुकीची पिन वापरली गेली किंवा प्रोग्रामिंगचा कनेक्टर बॉक्सच्या भिंतीला टेकला, असल्या चुका त्यालाच आधी दिसतात. आणि गर्बर पाठवायच्या दोन दिवस आधी दार बंद. 'एवढं एक एलईडी घाला' म्हणत सेल्सचा फोन येतो तो नेमका तेव्हाच. त्या घाईच्या बदलाची तपासणी होत नाही आणि पुढची रिव्हिजन त्यापायीच लागते. असा बदल पुढच्या रिव्हिजनच्या यादीत लिहायचा, डायरेक्टरांनी सांगितला असला तरी.

बोर्ड बाहेर असतात ते तीन आठवडे रिकामे नाहीत. बोर्ड आल्यावर पहिल्या दिवशी काय, कोणत्या क्रमाने तपासायचं, याची यादी तेव्हाच लिहायची: आधी करंट मर्यादित केलेल्या सप्लायवर, मॉड्यूल न लावता, मग प्रत्येक व्होल्टेज मोजून, मग प्रोसेसर, मग रिले, मग मॉड्यूल. टेस्ट जिग (बोर्ड बसवून तपासायची चौकट) तेव्हाच बनवायची. फर्मवेअर जुन्या बोर्डावर किंवा डेव्हलपमेंट किटवर पुढे न्यायचं. त्यासाठी पिनची नावं कोडभर विखुरलेली न ठेवता एका फाइलमध्ये हवीत. दोनच बोर्ड मागवण्याची काटकसर करू नका. एक फर्मवेअरकडे, एक टेस्टिंगकडे, एक बॉक्समध्ये बसवून बघायला, एक जळण्यासाठी, एक राखीव, असे पाच तरी हवेत. एकच बोर्ड टेबलाटेबलांवर फिरतो, तेव्हा चार माणसांचं काम एका माणसामागे अडतं. आणि नियोजनात सुरुवातीपासून दोन रिव्हिजन धरा. पहिलाच बोर्ड बरोबर निघेल असं धरून दिलेली तारीख चुकते, आणि दोष टीमवर येतो.

मेकॅनिकलच्या एकट्या माणसालाही हेच लागू. मोल्ड कापण्याआधी थ्रीडी प्रिंटचा बॉक्स, त्यात खरा बोर्ड, खरी केबल ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथे ती घट्ट धरणारा भाग), आणि हातमोजे न काढता वायरमनला स्क्रू फिरवता येतो का हे बघणं. मोल्डमधलं लोखंड नंतर कापता येतं, वाढवणं अवघड आणि महाग पडतं. म्हणून शंका असेल तिथे लोखंड जास्त ठेवायला सांगा.

तक्रारींचं दुखणं वेगळं आहे. त्या अचानक येतात असं टीमला वाटतं, पण पंचांग बघा. पावसाळ्यात पंप तीन-चार महिने बंद असतात. रब्बीला शेतकरी मोटर चालू करायला जातो, तेव्हा सिमचा रिचार्ज संपलेला असतो, बॉक्समध्ये ओल धरलेली असते, मुंग्यांनी घर केलेलं असतं, कॉन्टॅक्टरमध्ये पाल अडकून मेलेली असते. यातलं काहीच कोडने सुटत नाही, तरी फोन फर्मवेअरवाल्याला जातो. दोन स्प्रिंट प्रत्येक तक्रार पाच खणांत टाका: सिम, ओल आणि किडे, वायरिंग, बोर्ड, फर्मवेअर. पहिल्या तीन खणांचं काम सर्व्हिसच्या माणसाला लिखित प्रश्नावली देऊन फोनवरच संपवता येतं. आणि सप्टेंबरचा एक स्प्रिंट याच तयारीला द्या: रिचार्जची आठवण करणारा एसएमएस, केबल ग्लँड घट्ट करण्याचा छोटा व्हिडिओ, बदली बोर्डांचा साठा.

उरलेल्या तक्रारींसाठी पाळी लावा. आठवड्याला फर्मवेअरचा एक आणि टेस्टिंगचा एक, फक्त त्या दोघांनी तक्रारी घ्यायच्या. त्यांच्या नावावर स्प्रिंटचं महत्त्वाचं काम द्यायचं नाही. बाकीच्यांना थेट फोन गेला तर त्यांनी पाळीच्या माणसाचं नाव सांगायचं. 'बंद' दाबूनही मोटर बंद होत नाही किंवा आपोआप चालू होते, ही तक्रार आली तर सगळं सोडून, कारण विहिरीवर कुणाचा तरी हात पंपाच्या जवळ असू शकतो. मोटर चालूच होत नाही आणि पीक सुकतंय, ती त्याच दिवशी. बाकी सगळं बॅकलॉगमध्ये.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. दर स्प्रिंटला चालता माल तयार हवा, पण तो दर स्प्रिंटला शेतावर पाठवलाच पाहिजे असं नाही. दूरवरून फर्मवेअर चढवता येत असेल, तर आधी १० यंत्रं, आठवडाभर थांबून १००, मग बाकीची. आणि जुनं फर्मवेअर मेमरीत राखून ठेवणारी रचना नसेल तर दूरवरून चढवूच नका. अर्ध्यात वीज गेली तर ते यंत्र माणूस पाठवूनच जिवंत होतं. ऐन पाणीपाळीत बदल पाठवायचे नाहीत, हेही लिहून ठेवा.

स्टँडअपचं थोडक्यात. १५ मिनिटांची मर्यादा स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच आहे, आणि 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्न तिच्या २०२० च्या आवृत्तीतून काढून टाकलेत. माणसामागून माणूस विचारलं की प्रत्येक जण आपण रिकामे नव्हतो हे सिद्ध करत बसतो. त्याऐवजी कामांच्या बोर्डाच्या उजव्या टोकापासून सुरुवात करा, म्हणजे पूर्ण होण्याच्या सर्वांत जवळ असलेल्या कामापासून. प्रत्येक कामाला एकच प्रश्न: हे कशाने अडलंय? चर्चा तांत्रिक झाली की ते दोघं-तिघं नंतर थांबतील, बाकीचे मोकळे. ४५ चे १५ झाले तर स्प्रिंटमागे ५५ तास वाचतात, जवळपास सात माणूस-दिवस. आणि एक विनंती: उत्तर देताना सगळे तुमच्याकडे बघत असतील, तर आठवडाभर तुम्ही मागे उभे राहा आणि बोर्ड दुसऱ्याला चालवू द्या.

डायरेक्टरांना ४० आणि १२ ची तुलना करू देऊ नका, पण त्यांच्या प्रश्नामागची काळजी रास्त आहे. त्यांना माल कधी मिळेल हे हवंय आणि तुम्ही त्यांना पॉइंट देताय. स्टोरी पॉइंट हा त्याच टीमने स्वतःसाठी बांधलेला अंदाज आहे. स्क्रमच्या मार्गदर्शिकेत तो शब्दसुद्धा नाही. तुलना सुरू झाली की पुढच्या महिन्यात हार्डवेअरचे १२ चे ३० होतील आणि बोर्ड त्याच तारखेला येईल. त्याऐवजी महिन्याला एक पान द्या. मागच्या २० पूर्ण झालेल्या कामांना सुरू केल्यापासून किती दिवस लागले ते उतरत्या क्रमाने मांडा आणि वरची तीन सोडून चौथा आकडा घ्या. २० पैकी १७ कामं तेवढ्या दिवसांत संपली, म्हणजे ८५ टक्के. 'नवं काम घेतलं तर बहुधा इतक्या दिवसांत' असं त्यावरून सांगता येतं. त्याखाली अजून न सुटलेले तीन मोठे प्रश्न, आणि बाहेरच्या तारखा.

त्या तारखांसाठीच चार्ट हवा. भिंतीवर बारा आठवड्यांची पट्टी लावा आणि तिच्यावर फक्त टीमच्या हातात नसलेल्या गोष्टी लिहा: गर्बर गेल्याची तारीख, बोर्ड यायची तारीख, उशिरा मिळणारे पार्ट, मोल्ड, लॅबमधली टेस्टिंग, आणि रब्बीचा पहिला आठवडा. टीमची रोजची कामं तिच्यावर चढवू नका. ती दर दोन दिवसांनी बदलतात आणि पट्टी खोटी पडली की कुणी तिच्याकडे बघत नाही.

हे सगळं एकदम लावू नका. येत्या स्प्रिंटला ५० दिवसांचं प्लॅनिंग आणि १५ मिनिटांचा स्टँडअप, एवढंच. त्याच्या पुढच्याला तक्रारींची पाळी. तिसऱ्याला कामांच्या बोर्डावरच्या मर्यादा आणि 'झालं'ची व्याख्या. हार्डवेअरची कामं तोडून लिहायला मात्र आजच बसता येईल; रिव्हिजन सी बाहेर गेली नसेल तर त्या दोघांना विचारा, या बोर्डाबद्दल तुम्हाला कशाची खात्री नाही, आणि ते जे पहिलं सांगतील ते सोमवारी बेंचवर घ्या.